भुरीचं सकाळचं दूध

लिहून ठेवते मी, सुखीबाई खेमसिंग राठोड, वय साठीच्या आसपास, राहणार पळसतांडा, यवतमाळ-कळंब रस्ता, जिल्हा यवतमाळ. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, स्वखुशीने सांगते. लिहून घेत आहेत यवतमाळचे कमलाकर वकील.

१. घर व वावर मुलगा उत्तमसिंग याला. चांदीच्या वाक्या सून रुपीबाईला. तिने माझी बोलणी पुष्कळ खाल्ली, तेवढा तिचा हक्कच आहे.

२. भुरी म्हैस मात्र उत्तमसिंगला नाही. तो सगळे दूध हॉटेलात घालील. घालायला मीच शिकवले, म्हणून त्याच्यावर राग नाही. भुरी व तिची पारडी माझी मुलगी जमनी हिला. नवरा वारल्यापासून ती माझ्याजवळच राहते. अट एकच. सकाळचे दूध तांड्याबाहेर जाऊ नये. आधी पोटुशा बाया, मग लहान पोरे, ज्याला जेवढे पुरेल तेवढे. संध्याकाळचे खुशाल विकावे.

३. अट का, तेही लिहा. तांड्यात घरोघर दुभते होते, पण दूध-लोणी सगळे आमच्या डोक्यावरून यवतमाळला जाई. पोरांच्या ताटात भाकर नि मिरची. जमनी सहा वर्षांची असताना दिवेलागणीला दार चाचपू लागली. धांदरट म्हणून मी तिला चापट मारली. मग दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी अंधारून येताना पोरांना अंगणात उभे केले आणि घरातून एकेकाला हाक मारली. नऊ पोरे उंबरठ्याला अडखळली. बाई म्हणाल्या, "यांना दूध द्या, पालेभाजी द्या."

मी म्हणाले, "दूध हाय ना बाई, पण ते इकाचं हाय. पोरीले कायले पाजू?"

बाकीची पोरे सुधारली, जमनीचा डावा डोळा गेला. ती चापट अजून माझ्याच हाताला लागते.

४. माझा रतीब याच वकिलांच्या घरी होता. तेही तेव्हा सहा वर्षांचे, वाटी घेऊनच दारात उभे राहत. इथे त्यांची लेखणी थांबली आहे. "लिहा ना बापू, तुमचा काय कसूर? लेकरू होते तुमी."

५. अंमलबजावणी वकिलांनीच करावी. मेहनताना नाही. दर भाऊबीजेला तांड्यात जमनीकडे यावे, दिवेलागणीला पोरांना अंगणात उभे करून हाका माराव्यात. जे पोर उंबरठा चाचपेल, त्याला दुसरी वाटी.

वाचून दाखवले, ऐकले, मान्य आहे.

सुखीबाई, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: अमरसिंग नायक, पळसतांडा
साक्षीदार: फुलचंद रामलाल पवार, पळसतांडा

पळसतांडा, ४ ऑक्टोबर १९६३

लिहिणार: कमलाकर श्रीकृष्ण पांढरीपांडे, वकील, यवतमाळ, जमनीचा भाऊ