तालूवाचा गाळ आणि गॅरेजची किल्ली

मी, शरयू विष्णू घैसास, निवृत्त समुद्रशास्त्रज्ञ, राहणार प्लेनो, टेक्सस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या मर्जीने करत आहे. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं पुढे कुणी म्हणेल, म्हणून डॉक्टरांचं सर्टिफिकेट कालच घेऊन ठेवलं आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगा मिहीर याला मिळावी. घर विकायला त्याने महिनाभर तरी थांबावं. एजंटला तो भेटून आला आहे, हे मला ठाऊक आहे.

२. सोन्याच्या पाटल्या सून कांचन हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये काय आहे हे तिने कधी विचारलं नाही. पुरणपोळ्यांना जागा होईल का, एवढंच विचारलं.

३. आता तो फ्रीझर. त्यात तालूवा या छोट्या बेटराष्ट्राच्या समुद्रतळाचा गाळ आहे. त्यातल्या सूक्ष्मजीवांपासून औषध निघू शकेल. तो माझा नाही, त्यामुळे मी तो कुणाला देऊ शकत नाही. परत मात्र करू शकते. तालूवाची अख्खी विज्ञान परिषद एका टेबलाभोवती मावते, पण तिचा नियम पक्का आहे: परदेशी संशोधकांनी काढलेल्या प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग देशाचा. त्या नियमानुसार आमच्या विद्यापीठाशी झालेल्या कराराचा मसुदा मीच केला होता. तेव्हा विद्यापीठातले माझे सहकारी हेमचंद्र म्हणाले, तिथे विजेचा भरवसा नाही, त्यांचा भाग तात्पुरता आपल्याकडे राहू दे. परिषदेच्या सचिव सेफा यांनी विचारलं, तात्पुरता म्हणजे किती वर्षं? करारात वर्षांचा आकडा आलाच नाही. निवृत्त होताना सेफांच्या परवानगीने मी तो भाग घरी आणला.

मग २०२१च्या फेब्रुवारीत हिमवादळाने टेक्ससचीच वीज गेली. विद्यापीठाच्या वाट्याचा अर्धा गाळ वितळून वाया गेला. तालूवाचा मी मागच्या अंगणात बर्फात पुरला आणि खुर्ची टाकून राखण करत बसले.

तेव्हापासून हेमचंद्र दर रविवारी चहाला येतात. ते एका औषध कंपनीचे सल्लागार झाले, हे मला बाहेरून कळलं.

"शरयू, लॅबला डोनेट करून टाक ना. तुझ्यानंतर कोण मेन्टेन करणार?"

मिहीर त्यांचीच री ओढतो. "आई, इट्स जस्ट मड."

नुसता चिखल असेल तर एवढी घाई कशाला? इतक्या वर्षांची मैत्री, आणि त्यांना चहा देताना मी गॅरेजची किल्ली कमरेला खोचून ठेवते. याचं मला फार वाईट वाटतं.

४. तालूवात आता सौर विजेवरचं शीतगृह झालं आहे. कुरियरवर माझा विश्वास नाही, म्हणून सेफा जूनमध्ये स्वतः न्यायला येत आहेत. तोवर मी नसले तर कांचनने किल्ली फक्त सेफांच्या हातात द्यावी. विद्यापीठाचं पत्र येवो, कंपनीचा माणूस येवो की मिहीर विनवण्या करो, दार उघडू नये.

५. रिकामा फ्रीझर हेमचंद्रांना द्यावा असं मनात होतं. परंतु साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून साक्षीला मी मुद्दाम त्यांनाच बोलावलं, म्हणजे या कागदातून त्यांच्या हाती काहीच लागायला नको. ते लगेच हो म्हणाले. फ्रीझर कांचनला, पुरणपोळ्यांसाठी.

प्लेनो, ३ मार्च २०२५

सही: शरयू विष्णू घैसास

साक्षीदार:
१. प्रतिमा लोंढे, शेजारी
२. हेमचंद्र दाभाडे. मजकूर वाचायला मागितला. दिला नाही.