उतरवलेली बॅग

गोडादरा, सुरत
१६ ऑक्टोबर १९९४

चि. चेतनराव यांस,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत चांगली आहे. ताप नाही, खोकला नाही, हे आधीच लिहिलेलं बरं. छकुली दूध नीट पिते ना? मृणालच्या टाक्यांचं दुखणं कमी झालं का? तिला अजून जड काही उचलू देऊ नका. हे पत्र घरी न पाठवता तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. का, ते पुढे लिहिते.

इकडे माणसं हळूहळू परतू लागली आहेत. पांडेसऱ्याच्या मिलांची धुराडी परत धूर सोडायला लागली. शाळा उघडली, पण माझ्या वर्गातली बरीच मुलं अजून गावी, खानदेशातच आहेत. प्लेगची बातमी फुटली तेव्हा शेजारचा हिलाल कारखान्यातले लूम तसेच सोडून बायकोमुलांना घेऊन रातोरात अमळनेरला गेला होता. तो परवा आला. त्याची बायको इंदुबाई कुलूप काढता काढता मला बघून थबकलीच. "बाई, तुम्ही तर लंडनले जायेल होत्या ना?" मी म्हटलं, "जमलं नाही." आता गल्लीत सगळ्यांना हेच सांगते.

मध्ये उठून दूध तापवून आले. पत्र लिहायला बसले की मला काही ना काही काम आठवतं.

त्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर काय झालं ते तुम्हाला मी नीट सांगितलेलंच नाही. आनंदामामा डोंबिवलीहून मला सोडायला आला होता. त्याला दारातच थांबवलं. आत गेल्या गेल्या काउंटरवरच्या मुलीनं माझा पासपोर्ट उघडला, पत्ता वाचला आणि हात मागे घेतला. मग दोन बोटांत धरून तो दुसऱ्या माणसाकडे दिला. मला बाजूला बसायला सांगितलं. तिथं आधीच काही जण बसले होते, सगळे सुरतेचे. हिऱ्याचा व्यापार करणारे एक काका होते, ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला अजून किती वेळ म्हणून विचारत होते, "साहेब, केटली वार?" आमच्या भोवती दोरी बांधली होती. लोक ट्रॉल्या ढकलत जवळ यायचे, आम्हाला बघायचे आणि लांबून वळसा घालून जायचे. एका बाईनं आपल्या मुलाला दंडाला धरून ओढून घेतलं. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मुनसिपालटीच्या डॉक्टरांचा दाखला मी नेला होता. "हा सुरतेचाच ना? मग चालणार नाही," म्हणाले. त्यांचा डॉक्टर येईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात सिक्युरिटीवाल्यांनी माझी बॅग उघडायला लावली. डिंकाचे लाडू फोडून बघितले. बाळंतकाढ्याच्या पुड्या एकेक सोडल्या. "ये पाउडर क्या है?" मी हिंदीत बाळंतकाढा समजावून सांगत होते आणि तो माणूस तोंडावरचा रुमाल सारखा वर ओढत होता. वेखंडाची काडी तर त्यानं मशिनमधून दोनदा काढली. मी सगळं परत बांधलं, पण पहिल्यासारखं बसेना. बॅगेवर गुडघा ठेवून चेन लावली.

डॉक्टर आला. जीभ, घसा, काखेतल्या गाठी, सगळं तपासलं. चांगला माणूस होता. "बाई, तुम्हाला काही नाही. जा नातवंडाकडे," म्हणाला. बोर्डिंग कार्ड मिळालं, पासपोर्टवर शिक्का पडला, परत एकदा झडती झाली, आणि आत गेल्यावर कळलं की विमानाला उशीर आहे. थोडा म्हणता म्हणता दुपार झाली. तुम्ही मला घ्यायला येऊन ताटकळत बसाल म्हणून मी आतल्या बूथवरून फोन लावला. नाहीतर लावलाही नसता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण मला लिहूनच टाकू द्या, मनात सारखं तेच फिरतंय.

तुम्ही हळू आवाजात बोलत होतात. मृणाल आत झोपली होती. "आई, कसं सांगू कळत नाही. तुम्ही आत्ता येऊ नका. इथं टीव्हीवर रोज सुरत दाखवतायत. आता घरात बाळ येणार."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी तपासलंय मला. सोडलंय."

"हो, पण उद्या काही झालं तर? मृणालला मी समजावतो."

मी "बरं" म्हटलं. बूथवाल्याचं बिल दिलं आणि समोरच्या मुलीला जाऊन सांगितलं की मला जायचं नाही. मी पायरीवरून पडले असते तरी इतकी धावपळ झाली नसती. माणूस चढणार नसेल तर त्याची बॅग विमानात ठेवत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. विमानाच्या पोटातून सगळं सामान काढून माझी बॅग शोधायला लागले. आधीच उशीर झालेलं विमान माझ्यामुळे आणखी थांबलं. एक गृहस्थ समोर येऊन म्हणाले, "बहनजी, जाना नहीं था तो आईं क्यों?" मी त्यांना काय सांगणार? पासपोर्टवरचा शिक्का रद्द झाला, बॅग आली, बाहेर आनंदामामा अजून उभाच होता. त्यानं बॅग तेवढी हातातून घेतली.

चेतनराव, तुमची भीती खोटी नव्हती. मलाही होतीच. निघायच्या आदल्या दिवशी घशात खवखवलं तर मी पाच-पाच मिनिटांनी आरशासमोर जाऊन घसा बघत होते. येऊ नका म्हणालात, ते मी समजू शकते. तुमच्या जागी मृणालचे बाबा असते तर तेही तेच म्हणाले असते. मोठ्यानं म्हणाले असते, एवढंच.

पण घटस्थापनेला मंदाताईंकडे, गल्लीतला एकुलता फोन त्यांच्याच घरी, मृणालचा फोन आला. म्हणाली, "आई, चेतन सांगत होता, तू विमानतळावरूनच घाबरून परत गेलीस. एवढा लांबचा प्रवास नको म्हणालीस. माझं पोट फाडत होते तेव्हा मी तुझं नाव घेत होते." मंदाताई टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसल्या होत्या. मी म्हटलं, "हो गं, छातीत धडधडायला लागलं." तिनं फोन ठेवून दिला.

तेव्हापासून फोन नाही. शाळेतून येताना मंदाताईंच्या दारासमोर माझी चाल आपोआप मंद होते. त्या आतूनच, फोन नाही म्हणून, मान हलवतात.

मी तिला काही सांगणार नाही, म्हणूनच हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर. तुमचा संसार नवा आहे, मला त्यात काडी टाकायची नाही. पण जो नकार तुमचा होता तो तुम्ही माझ्या तोंडी घातलात, आणि तो मला सहन होत नाही. तो तुमच्या तोंडानं तिला सांगा. कसा, कधी, ते तुम्ही ठरवा. मी वाट बघते, पण मला वाट बघता येत नाही, हवं तर मृणालला विचारा.

तिच्याशी भांडू नका. छकुलीला माझा पापा द्या.

तुमच्यावर न रागावण्याचा प्रयत्न करणारी,
प्रमिला

*

लंडन
६ नोव्हेंबर १९९४

आई,

नमस्कार बिमस्कार राहू दे. काल चेतननं सगळं सांगितलं. मध्येच उठून भांडी घासायला लागला, नळ सोडून पाठमोरा बोलत होता. मला अर्धं ऐकूच आलं नाही, परत सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना रडला. मी नाही रडले. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही आणि आज थोडी बोलले आहे.

पण तू "हो गं" का म्हणालीस? त्यानं एक खोटं सांगितलं, तू त्याला दुजोरा दिलास. मी इथं दिवसरात्र मनात तुला बोल लावत होते. बाळाला पाजताना सुद्धा. ते आता मी कसं परत घेऊ? तुम्ही दोघं मिळून मला जपत होतात, आणि मी एकटी पडले होते.

चेतन तिकिटाचं बघतो आहे. तो तुला आज फोन करणार आहे, तेव्हा त्याला लगेच "बरं, बरं" म्हणू नकोस. जरा रागाव.

छकुलीचं नाव आम्ही ठेवलेलं नाही. इथल्या बाई जन्माच्या रजिस्टरसाठी विचारत होत्या. मी सांगितलं, तिची आजी यायची आहे.

अजून रागावलेली, आणि दाराशी उभी असलेली,
तुझी मृणाल