डॉक्टरचा आवाज

बाबा,

तुमच्या सत्काराला मी येणार नाही. नेवाडातल्या एका खानावळीतून लिहितोय. कॉफी जळकी आहे, पण ते जाऊ दे. इथल्या टीव्हीवर तुमची जुनी मालिका लागली होती. डॉक्टर झालेले तुम्ही एका पोराला म्हणालात, "बाळा, आधी खाली बस. तुझी आई गेली."

मार्चमध्ये फोनवर तुम्ही मला हेच शब्द, याच घोगऱ्या आवाजात ऐकवलेत. मी रस्त्याकडेला बसलोही होतो.

इथली वाढणारी बाई टीव्हीकडे बघत म्हणाली, "काय जीव ओततो ना म्हातारा."

चाळीस वर्षं दरोडेखोर झालात, पाद्री झालात, शेरीफ झालात. त्या दिवशी तरी बाप व्हायचं होतं. तुमचा स्वतःचा आवाज आईने ऐकला असेल. तो कसा होता, हे तिला विचारायचं राहून गेलं.

कोल्बी