वाकड्या टाक्यांचा कोट

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार (दिवसभर मशीनवर बसल्यावर ताठ उभं राहून नमस्कार करणं तसंही जमत नाही). तुझा खोकला थांबला का? हात थरथरतो म्हणून तू शिवणकाम सोडलंस, असं आई म्हणाली. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी माझा पराक्रम ऐक.

तू दिलेलं हाताचं मशीन झकास चालतं. नोकरी सोडून मी लोकांचे पन्नास-पन्नास वर्षांचे कोट आणि झगे दुरुस्त करायला बसले, तेव्हा बाबांनी आठवडाभर अबोला धरला होता. आता स्वतःच पँटची चेन बदलायला गुपचूप आणून ठेवतात. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली (मधोमध उभं राहिलं तर डोकं आपटत नाही). तिथे गेल्या महिन्यात घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा लोकरी कोट घेऊन आले. फक्त अस्तर बदलायचं होतं. पण कोपरावर निळं ठिगळ होतं आणि त्याचे टाके वाट फुटेल तिकडे गेलेले. मी पडले तुझ्या हाताखाली शिकलेली (एक टाका हलला की अख्खी शिवण उसवायला लावायचीस), मला कुठलं राहवतंय? ठिगळ काढून टाकलं आणि असं बेमालूम रफू केलं, की फाटलं कुठे होतं ते मलाच सापडेना. स्वतःवर इतकी खूश होते की त्या दिवशी दोनदा आरशात पाहिलं.

आजोबांनी बाही उलटसुलट केली आणि स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "बायकोनं लावलं होतं ते. तिला शिवता येत नव्हतं, तरी लावलं होतं." त्या गेल्या वर्षी वारल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागून कोट ठेवून घेतला, चिंध्यांच्या पिशवीतून ठिगळ शोधलं. त्यात सुईची भोकं होती, कोटातही होती. भोकाला भोक जुळवत बसले. मावशी, वाकडं शिवणं फार कठीण गं, हात आपोआप सरळ जातो. दोन दुपारी त्यात गेल्या. एका कोपऱ्यात बाई कंटाळल्या असाव्यात, टाके लांब लांब पडलेत. मग पुन्हा नेटानं जवळ जवळ. तिथवर पोचले तेव्हा मला त्या आवडायला लागल्या होत्या.

आजोबा कोट दुकानातच अंगात चढवून गेले. बाहेर रणरणतं ऊन होतं.

तुझी धांदरट भाची

ता. क. तू शिकवलेलं सगळं माझ्याकडे आहे, पण तू शिवलेलं एकही नाही. होतं ते मी वाढता वाढता फाडलं.

पुन्हा ता. क. मला कामावर घालायला एक एप्रन शिवून दे. माप तुला पाठ आहे, कमरेत चार बोटं वाढव (आईला सांगू नकोस). हात थरथरला तर थरथरू दे. टाके कुठेही जाऊ देत, मी एकही उसवणार नाही.