पुलाचं मोकळं टोक

४ जानेवारी
हॉस्पिटलच्या दोन इमारतींना जोडणारा स्टीलचा पादचारी पूल साहेबांनी हसऱ्याला दिला. सदा हसतो, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. आम्ही दोघं ऑफिसात एकाच दिवशी लागलो. मला काही वाटलं नाही. डबा तसाच परत आणला, पण तो पित्तामुळे.

९ जानेवारी
तो जेवायला गेला असताना त्याचं ड्रॉइंग सहज पाहिलं. पुलाचं एक टोक बोल्टांनी पक्कं, दुसरं नुसतं टेकवलेलं! विचारलं, तर म्हणे भूकंपात दोन्ही इमारती आपापल्या तालात हलणार, एका टोकाला सरकायला जागा हवी. काम अर्धवट ठेवायचं आणि त्याला डिझाइन म्हणायचं. साहेबांनी मान डोलावली. हल्ली फार डोलते.
संकल्प : जूनमध्ये डिपार्टमेंट हेडची खुर्ची रिकामी होतेय. तिच्यावर मीच.

२ फेब्रुवारी
प्रात्यक्षिकच करून ठेवलं. पुस्तकांचं लाकडी कपाट आणि कपड्यांचं लोखंडी कपाट, मध्ये फळी. दोन्ही टोकं स्क्रूने आवळली. वर सासूबाईंनी दिलेला टी-सेट. बायको म्हणाली, भावोजींना एकदा विचारायचं होतं. भावोजी म्हणजे हसऱ्या! माझ्याच घरात!

१७ एप्रिल
पुलाचं उद्घाटन. फोटोत मी आहे. म्हणजे माझं कोपर आहे. मोकळं टोक वेल्ड करा, अशी नोट साहेबांना दिली. उत्तर नाही. विचार चालू असणार.

११ मे, दुपार
भूकंप. सौम्य. ऑफिसात टेबलाखालून निघालो तो तडक पुलाकडे. गाडी जरा हाणलीच. मदत लागली तर. पूल सरकला होता आणि परत जागेवर आला होता. दोन नर्सा त्यावरून गप्पा मारत चालल्या होत्या.

११ मे, संध्याकाळ
घरी दोन्ही कपाटं आपापल्या तालात झुललेली. फळीने लाकडी कपाटाची बाजूच उपटली. टी-सेटची एक बशी शिल्लक.

१२ मे
बायकोने हसऱ्याला बोलावलं. त्याने नवी फळी बसवली, एक टोक मोकळं. मी स्क्रू धरून उभा. म्हणाला, "ती हलणारच रे. हलू दे." हसला मात्र नाही. तेच जास्त झोंबलं.

२ जून
हेड तोच झाला. उद्यापासून साहेब म्हणायचं. आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं. मागे बायको उभी होती. तिने पित्ताची गोळी माझ्या हातावर ठेवली.