सातवा हंडा

सोमवार, ४ ऑगस्ट

पोचले एकदाची! नागपूरच्या घामातून सुटून थेट बंगळूरच्या गारव्यात. ऑगस्टात पंखा न लावता झोपता येतं असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, फेकू नको. कोरमंगलात पीजीत खोली मिळाली आहे. खिडकी उघडली की समोरच्या पीजीची खिडकी दिसते, पण खालच्या दर्शिनीतल्या, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलातल्या, इडलीपुढे सगळं माफ. रिक्षावाल्याने 'स्वल्प ॲडजस्ट माडी', म्हणजे जरा सांभाळून घ्या, म्हणत मी, दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी असं सगळं एका फेरीत आणून टाकलं.

काम गेम खेळून त्यातल्या चुका काढायचं. चुका काढायचा पगार मिळतो यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसत नाही, कारण ते काम मी आजवर फुकट करत आले. कंपनी छोटीशी आहे. मालक सुशांत सर पुण्याचे, बोलणं साखरेत घोळलेलं. प्रोग्रामर रविकिरण निपाणीकडचा, दर वाक्याला 'की' लावून मराठी बोलतो आणि खाली मान घालून काम करतो. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर प्लायवूडची फळी ठोकलेली आहे, त्यामुळे जिने चढायचे. सर म्हणाले, तेवढाच व्यायाम.

मला हे शहर आवडलं आहे. लिहून ठेवते, म्हणजे पुढे तक्रार करायला लागले तर दाखवता येईल.

गुरुवार, ७ ऑगस्ट

गेमचं नाव 'सात हंडे'. दिवाळीत हातातल्या कन्सोलवर येणार. जग्गा नावाचा टोपीवाला पोरगा जमिनीखालच्या भुयारांत दगडांवरून उड्या मारत, दोरांना लोंबकळत जातो आणि प्रत्येक भुयारात लपवलेला मोहरांचा हंडा शोधतो. भुयारं सात. चित्रं अशी सुरेख की भिंतीवरच्या ओलीलाही हात लावावासा वाटतो. कुणी काढली विचारलं, तर सर छातीवर हात ठेवून हसले.

आधीच्या पोरांना पहिला हंडा सापडायला आठवडा लागला म्हणे. मला दोन दिवसांत तीन सापडले! युक्ती अगदी सोपी आहे. असल्या खेळात सगळे खड्डे चुकवतात, कारण खड्ड्यात पडलं की मेलं. इथे खड्ड्यात सरळ पाय सोडून पडायचं आणि एकही बटण दाबायचं नाही. घाबरून बटण दाबलंत तर मेलात. गप्प पडत राहिलात तर पाय अलगद हंड्यापाशी टेकतात.

हे मला कसं सुचलं, तर मी पायाळू आहे. जन्माला येताना माझे पाय आधी आले. पायाळू माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं असं जुनी माणसं म्हणतात. आई लहानपणी गोष्ट सांगायची. चार भावांनी एका पायाळू पोरीला रानात नेलं, तिने जागा दाखवली, भावांनी तिला बाजूला ढकलून हंडा उपसला, आणि धनाच्या राखणदाराने चौघांना तिथेच रक्त ओकायला लावलं. मला ही गोष्ट फार आवडायची. चौघं कसे मेले ते मी आईला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. मुळात मी डूख धरणारी. पहिलीतल्या बाईंवरचा राग अजून गेलेला नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज ऑफिसभर हसू. सरांच्या पाठीत उसण भरली. खुर्चीतून उठताना जे वाकले ते वाकलेलेच राहिले. पायाळूने पाठीवर पाय लावला की उसण उतरते, आमच्या गल्लीतले अर्धे म्हातारे त्यासाठी माझ्या दारात यायचे. मी ते थट्टेत सांगितलं, तर सर म्हणाले, लाव मग. भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि मी मालकाला रीतसर लाथ घातली! उसण उतरली की हो. पगारवाढ मागायला हवी होती.

हसला नाही तो एकटा रविकिरण. उठून बाहेर गेला.

एक चूक नोंदवली आहे. जग्गा पळताना पैंजण वाजतात. टोपीवाल्या पोराच्या पायात पैंजण कसे? रविकिरण म्हणाला, आधी नायिका होती, पायात पैंजण असलेली मुलगी. पोरगा जास्त खपतो म्हणून सरांनी ती बदलली. पण तो आवाज आपण स्वतः काढून टाकला आहे, गेममध्ये आता तो नाहीच की, असंही म्हणाला. मी कन्सोल त्याच्या कानाला लावला. त्याने तो माझ्या हातात परत देताना टेबलावरचा चहा सांडला.

बुधवार, २० ऑगस्ट

सहा हंडे झाले. आज सातवं भुयार.

हे बाकीच्यांसारखं नाही. एकच उभा, अरुंद खड्डा आहे. वरून काळ्या तारा लोंबतात आणि भिंतीत एकाखाली एक बंद दारं. मी पाय सोडले आणि गप्प पडत राहिले. तळाला हंडा आहे. त्याच्याशेजारी एक मुलगी पाय पसरून, माझ्याकडे पाठ करून बसलेली. राखणदार असावी. मी जवळ गेले की पडदा काळा होतो आणि कन्सोल बंद पडतो. सात वेळा, दहा वेळा, तेच. हे सुटल्याशिवाय गेम बाहेर पडणार नाही, त्यामुळे सर चिडले आहेत.

घरी येताना जिन्यात थांबले. भुयारातलं तिसरं दार आठवलं. गेममधल्या त्या दारावर तिरकी फळी ठोकलेली आहे, आणि तिचा एक कोपरा फुटका आहे. आमच्या लिफ्टच्या फळीचाही तोच कोपरा फुटका आहे.

गुरुवार, २८ ऑगस्ट

गौरी-गणपतीसाठी बहुतेक जण गावी गेलेत. भर दुपारी, लख्ख उजेडात, फळीच्या मागून पैंजण वाजले. खालून वर. कुणीतरी एकेक पाऊल टाकत चढावं तसे. मग फळीच्या पलीकडे थांबले.

मी कन्सोल बंद केला होता. बॅटरी काढून टेबलावर ठेवली होती.

रविकिरणला हाताला धरून खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि म्हटलं, आता बोल. तो बोलला.

तिचं नाव भाग्यलक्ष्मी. त्याच्याच गावाकडची. साती भुयारं तिची, चित्रं तिची, पैंजणवाली मुलगी तिची, खड्ड्यात पाय सोडायची युक्तीही तिचीच, कारण तीसुद्धा पायाळू होती. सरांच्या पाठीची उसणही आधी तीच उतरवायची. लिफ्ट बिघडलेली होती. दार उघडायचं आणि आत लिफ्टच नसायची. तिने सरांना अनेकदा सांगितलं, बंद तरी करून घ्या. ते म्हणायचे, बघू. मार्चमध्ये एका सकाळी ती कन्सोलवर सातवं भुयार तपासत लिफ्टपाशी आली, खाली जायला दार उघडलं, आणि तिने पाय आत टाकला.

फळी ठोकली ती त्यानंतर. सरांनी पोलिसांना सांगितलं की ही मुलगी महिन्यापूर्वीच काम सोडून गेली होती, चोरी करायला आली असेल. गेममधून तिचं नाव काढलं. वडील आले होते. त्यांनी एकच मागितलं, पोरीचं नाव तेवढं खेळात राहू द्या. सरांनी त्यांना चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडलं.

रविकिरण म्हणाला, मी घाबरट आहे, अक्का. मी म्हटलं, आहेसच.



सोमवार, १ सप्टेंबर

गेम संपल्यावर नावं वर सरकतात, त्यात आज मी तिचं नाव घातलं. भुयारं, चित्रं, कल्पना: भाग्यलक्ष्मी. दुपारपर्यंत ते गेलं होतं. सरांनी मला आत बोलावून गोड आवाजात सांगितलं की अशा नावाचं इथे कुणी कधी नव्हतं. आणि तुझं नाव ठेवायचं की नाही तेही अजून ठरलेलं नाही, असंही.

चोर तो चोर आणि वर शिरजोर. मी मान डोलावली आणि बाहेर आले. याला मोकळा सोडणार नाही.

सातव्या भुयारात ती आता अर्धी वळून बसते. गाल दिसतो.

गुरुवार, ४ सप्टेंबर

कन्सोल बंद पडत नाही आता. हंड्याजवळ जाऊ देते. पूर्ण वळली आहे. माझ्याच वयाची. बोलत नाही, नुसती वर बघते, त्या तिसऱ्या दाराकडे.

मी पडद्याला तोंड लावून म्हटलं, आणते त्याला. मला काहीच विचित्र वाटलं नाही. भीती वाटायला हवी होती ना? वाटली ती फक्त एवढीच, की तो सुटेल.

रात्री पायांना मुंग्या येतात. घोट्यांभोवती वळ उठलेत. गोल.

रविवार, ७ सप्टेंबर

दुपार. ऑफिसात मी एकटी. एकटीच, आता.

नीट लिहिते. कुणीतरी नीट लिहायला हवं.

सरांनी आज मुद्दाम बोलावलं होतं, उद्या गेम पाठवायचा म्हणून. जिना चढून आले तर फळी जमिनीवर आडवी पडलेली, खिळे शेजारी ओळीने ठेवलेले. लिफ्टचं दार उघडं. आत काळोख आणि तारा. सर शिव्या घालत होते. मी म्हटलं, सुताराला बोलवा. नाही म्हणाले. सुतार आत डोकावणार, चार प्रश्न विचारणार. स्वतःच फळी उचलायला वाकले, आणि दाराच्या तोंडाशीच उसण भरली. तसेच अडकले. गुडघ्यांवर हात, डोकं खड्ड्याकडे.

म्हणाले, नीलिमा, ये लवकर. पाय लाव.

मी मागे जाऊन उभी राहिले. विचारलं, भाग्यलक्ष्मी कोण?

वाकलेल्या अवस्थेतसुद्धा त्या माणसाच्या आवाजात साखर होती. म्हणाले, कुणी नाही. आता पाय लाव.

खालून पैंजण भराभर वर आले. त्यांनाही ऐकू आले. भीतीने मान वळवून माझ्याकडे बघायला गेले, पण पाठ वळू देईना.

मी पाय लावला. खोटं कशाला लिहू. लावला आणि रेटला. आणि माझ्या पायाशेजारी आणखी एक पाय होता.

ओरडणं पुष्कळ वेळ ऐकू आलं. तीन मजल्यांना लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ. हातपाय मारले असतील. गप्प पडायचं असतं हे त्यांना कुठून माहीत? आपला गेम ते कधी खेळलेच नाहीत.

बरं वाटलं. फार बरं वाटलं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने

पोलिसांना फोन करणार आहे. करते.

टेबलावरचा कन्सोल आपोआप सुरू झाला. सातवा हंडा उघडला आहे! मोहरा नुसत्या वाहताहेत. नावं वर सरकताहेत. भुयारं, भाग्यलक्ष्मी. चित्रं, भाग्यलक्ष्मी. कल्पना, भाग्यलक्ष्मी. मी रडले. तिच्या वडिलांना कळवायचं आहे, रविकिरणकडून नंबर घेऊन —

हंड्याशेजारी ती नाही. सुटली. जागा रिकामी आहे. सर बसतील तिथे, असं मला वाटलं होतं. राखत बसा म्हणावं जन्मभर. पण ते नाहीत. कुणीच नाही.

आईची गोष्ट आठवली. चौघं भाऊ मेले. पण त्या पायाळू पोरीचं पुढे काय झालं? मी कधी विचारलंच नाही. आत्ता आईला मेसेज टाकला आहे.

नावं अजून सरकताहेत. आता एकच उरलं आहे, खालून वर येतंय.

राखणदार: नीलिमा

—

आईचं उत्तर आलं. 'आज काऊन आठवली ती गोष्ट? अगं, ती पोर तिथेच राहिली. जुना राखणदार सुटला की धन उघडं राहत नाही. पायाळूच बसवतात. तू लहान होतीस, घाबरशील म्हणून तेवढं सांगत नव्हते. जेवलीस का?'

दार बंद करायला हवं. फळी — उठता येत नाही. घोट्यांत जड काहीतरी. वाजतंय.

मी हलत नाही आहे आणि तरी दार जवळ येतंय

आई, मी जेवले. आई

टेबलाचा पाय धरला आहे. एका हाताने लिहिते. बटण दाबायचं नसतं, माहीत आहे मला, गप्प राहायचं, पण हात सुटत ना—

पाय गेले. आधी पाय, जन्मले तशीच, आधी पाय आणि मग