बाजारातली द्राक्षं

प्रिय नाना,

तुमची छाटणीची कात्री काल ट्रंकेत सापडली. एप्रिल लागलाय, छाटणी करावी म्हणून सकाळी मागच्या अंगणात गेले, द्राक्षाच्या वेलाकडे बघितलं आणि तशीच परत आले. तुम्हाला सांगितल्याशिवाय हातच चालेना.

नाना, ऑक्टोबरात घडांसाठीची छाटणी मी केलीच नव्हती.

तुम्ही अर्धांगाने आतल्या खोलीत पडलेले. रोज एकच धोशा, "सुमे, काडीवर फुटव्याचे सहा डोळे मोज, पुढचं उडव. दया करत बसलीस तर नुसती पानं खाशील!" मला केवढा राग यायचा! ऑफिसात नवे कॉम्प्युटर आलेले, ते शिकायचे, घरी तुमची औषधं, अंघोळ, आणि वर हा वेल! एका संध्याकाळी दारातूनच "झाली हो छाटणी" म्हणून टाकलं. तुम्ही डोळे मिटून हसलात.

मग काय, थापांवर थापा! तुम्ही विचारायचात आणि मी सांगायचे. फुटवे आले, घड धरले, मणी फुगले. मागे मात्र पानांचं रान माजलेलं, एक घड असेल तर शपथ.

फेब्रुवारीत तुम्ही द्राक्षं मागितलीत. मी रावपुऱ्यातल्या फळवाल्याच्या लारीवरून नाशिकची बिनबियांची पावशेर घेतली, धुऊन बशीत आणली. आपल्या वेलाची कशी असायची? टपोऱ्या बियांची, आंबटढाण! शेजारच्या हंसाबेन तोंड वाकडं करून त्यांना चिंच म्हणायच्या, "नानाभाई, आ तो आमली छे!" तुम्ही बशीतला एक मणी चघळलात, दुसरा मागितलात. "यंदा गोड निघाली गं," एवढंच म्हणालात. आणि मी मूर्ख, सुटले म्हणून खूश!

आठवड्यात तुम्ही गेलात.

परवा हंसाबेन बोलता बोलता बोलून गेल्या. तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "द्राक्षं बाजारातली आहेत. छोकरी थकून जाते हो. मला कळलंय हे तिला सांगू नका."

असं का केलंत, नाना? चांगलं ओरडला असतात तर तुमचे पाय धरून रडले असते, मोकळी झाले असते. आता माफी कुणाकडे मागू?

हे लिहून झालं की मागे जाते. या एप्रिलच्या छाटणीला काडीवर एकच डोळा ठेवायचा, बाकी सगळं काढायचं, लक्षात आहे माझ्या. ऑक्टोबरातही चुकणार नाही. घड आले की पहिला तुमच्या फोटोपुढे ठेवीन. आणि आंबट निघाला तर आंबटच सांगेन, नाना.

तुमची खोटारडी,
सुमी